बाबांच्या नावाचं बाकडं

जरीपटका, नागपूर
ता. ११ मे २०२५

प्रिय अंकुश,
सप्रेम जय भीम, वि. वि.

फोनवर तू कायम मीटिंगमध्ये असतोस, म्हणून पत्र. बाबांच्या स्मरणार्थ तू पाठवलेलं बाकडं गल्लीच्या तोंडाशी सिमेंटात पक्कं बसवलं. काळा ग्रॅनाइट, सोनेरी नाव. पुण्यात बसून जागा ठरवणाऱ्याला नाव रस्त्यावरून दिसेल का, एवढीच चिंता. तिथलं ऊन मावळेपर्यंत हटत नाही, हे नकाशात दिसलं नसावं. बाबा एका जागी कधी बसले? सकाळी आपल्या भिंतीच्या सावलीत, दुपारनंतर समोरच्या रिकाम्या प्लॉटवरच्या कडुलिंबाखाली. खुर्ची उचलायची आणि सावलीमागे जायचं. त्यांना तू दगडात रोवलंस.

आई काल चारला नावाचा मान राखायला तिथे बसली आणि मांड्या पोळून परत आली. आता फाटकाबाहेर येत नाही. धंतोलीच्या डॉक्टरांनी बजावलंय, रोज चार माणसांत बसवा. फेब्रुवारीत बाबा गेल्यापासून ती बोलणंच विसरत चाललीय. तुझा दगड तिला बोलती करील, अशी आशा धरते.

लोभ आहेच, सध्या जरा तापलेला.
नंदिनीताई

पुणे
ता. १६ मे

ती. ताईस,
सविनय जय भीम.

दगड माझा, चूक माझी. पण कडुलिंब तोडून समोर फ्लॅट स्कीम आली, तेव्हा तू महापालिकेला दिलेल्या हरकतीच्या अर्जात झाडाबद्दल एक ओळ लिहिली नाहीस. काय लिहिलंस? चार मजल्यांमुळे आमचा सूर्यप्रकाश अडेल. नागपुरात. झेरॉक्स माझ्याकडे आहे. ऑफिसात वाचून दाखवतो, लोक चहा सांडतात. तेव्हापासून स्कीममधल्या लोकांशी तू बोलत नाहीस. रोज डायरी लिहितेस ना, मग दुपारी चारला गल्लीत सावली कुठे असते, तेही एकदा लिही. आणि आईला कुठे बसायचंय, हे विचारलंस का? मी विचारलं नव्हतं, कबूल.

माया असू दे, टोमणे आवर.
अंकुश

जरीपटका, नागपूर
ता. २४ मे

प्रिय अंकुश,
सप्रेम जय भीम.

दोन दिवस तुझा राग केला. तिसऱ्या दिवशी डायरी आणि घड्याळ घेऊन फाटकात उभी राहिले. चारच्या आधीच त्या स्कीमच्या इमारतीची सावली गल्ली ओलांडून आपल्या पायरीला लागते. खालचं पार्किंग चारी बाजूंनी उघडं, गाड्या कामावर गेलेल्या, आरपार वारा. बायका खुर्च्या टाकून बसतात. तीन वर्षं खिडकीचा पडदा ओढून ठेवल्यामुळे मला हे नवीन. आईला माहीत होतं. मग काहून नाही गेलीस, विचारलं, तर म्हणाली, तुले राग येते ना वं.

राग माझा, आणि उकडत होती ती. हे वाक्य डायरीत तीनदा खोडलं. इथे राहू देते.

आई पार्किंगमध्ये बसली तर चालेल का, हे स्कीमच्या सेक्रेटरी वंदनाबाईंकडे विचारायला गेले. त्यांनी कपाटातून माझ्या त्या अर्जाची प्रत काढली आणि म्हणाल्या, सूर्यप्रकाश परत पाहिजे असेल तर गच्चीची किल्ली देते. टोमणा ऐकून घेतला; आईच्या खुर्चीला मात्र लगेच हो म्हणाल्या.

आई आता बाबांची खुर्ची स्वतः ओढत नेते. काल कुणीतरी विचारलं, मालकाच्या नावाचं बाकडं सोडून इकडे काहून? आई म्हणाली, नाव उन्हात बसलं त बसू दे, त्याले काही होत नाही. मी काहून बसू? बायकांबरोबर तीही हसली. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. मी पायरीवरून ऐकलं. उद्या माझीही खुर्ची नेईन म्हणते.

लोभ राहू दे. ती झेरॉक्स फाडू नकोस.
नंदिनीताई