उजेडाची काटकसर

श्रावण वद्य ४, शके १८५६. दुपार.
आजपासून रोज लिहायचं. थोडक्यात. शाई फुकट येत नाही.
यंदा महालक्ष्म्या आमच्याकडे, अमरावतीला. अकोल्याला थोरल्या जाऊबाईंच्या, म्हणजे दुर्गाबाईंच्या, देवघराची भिंत पावसाने खचली. सासूबाई मुखवट्यांची पेटी मांडीवर घेऊन रेल्वेने आल्या. उंबऱ्यातच म्हणाल्या, यंदा तुह्यं पाहू. नीट झालं त इथंच ठेवू कायमच्या. नाही त आपलं अकोलाच बरं.
मला जाऊबाईंचा हेवा नाही. देवी आपल्या घरी असावी, एवढंच.

श्रावण वद्य ६.
अंबादेवीच्या देवळाबाहेर एका फेरीवाल्याकडून रंगाची पूड घेतली. अंधारात आपोआप उजळते. रेडियम म्हणाला. कोटाच्या आत धरून दाखवली. हिरवी, काजव्यासारखी.
प्लॅन असा. पुठ्ठ्याची कमळं कापायची, रंगवायची, मखराला लावायची. पूजेच्या दिवशी आरती झाली की सगळे दिवे मालवायचे. देवी स्वतःच्या तेजात. रॉकेलही वाचतं. अकोल्याला काय, गॅसबत्ती. गॅसबत्ती तर वरातीतही असते.
शेजारच्या माणिकबाईंना सांगितलं, कोणाजवळ बोलू नका. संध्याकाळपर्यंत आळीभर झालं. बरंच, आमंत्रणाला फिरणं वाचलं.

श्रावण वद्य ८.
पूड डिंकाच्या पाण्यात कालवली. व्हार्निशवर खर्च कशाला. घरभर वास. सासूबाई म्हणाल्या, उंदीर मेला का वं कुठं. उद्धवभावजी, म्हणजे धाकटे दीर, इथल्याच शाळेत सायन्सचे मास्तर आहेत, जेवायला आमच्याकडे असतात. ते म्हणाले, वहिनी, त्यात गंधक असतं, पाणी लागलं की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो.
मी विचारलं, तुम्हाला अंड्याचा वास कसा हो माहीत.
खाली मान घालून जेवले.
व्हार्निश आणलं. नाइलाज.

श्रावण वद्य १०.
कमळं झाली. पाकळ्यांच्या कडा फार बारीक. ब्रशाला दर वेळी ओठांत धरून टोक काढलं, सुईत दोरा ओवताना काढतो तसं. चव खडूची.
माजघराचं दार लावून पाहिलं. उजळली. आपोआप हात जोडले गेले.
पण थोड्या वेळाने मंद झाली. साहजिक आहे. वापरली की वस्तू संपते. कापूर काय, अत्तर काय. लगेच काळ्या चंद्रकळेत गुंडाळून ट्रंकेत ठेवली, कुलूप घातलं. पूजेपर्यंत उघडायची नाहीत. सगळा उजेड शिलकीत.

श्रावण वद्य १२.
भावजी म्हणतात, कमळं उन्हात ठेवा. हा रंग दिवसा उजेड पिऊन घेतो आणि अंधारात हळूहळू सांडतो. ट्रंकेत उपाशी राहील.
उन्हाने रंग विटतो, हे लुगडी वाळत घालणाऱ्या बाईला माहीत नसेल का. शिवाय भावजी लहानपणापासून दुर्गाबाईंच्या हातचं जेवलेले. कोणाकडून बोलतात ते मला समजतं.
मग म्हणाले, रेडियम असला तर मात्र ऊन लागत नाही, तो वर्षानुवर्षं आतून रंगाला जागवत राहतो. पण तो फार महाग. घड्याळाच्या काट्यांना लावतात. अमेरिकेत कारखान्यातल्या पोरी ब्रशाला ओठांनी टोक काढायच्या, त्यांच्या जबड्याची हाडं सडली. पेपरात आलं होतं. तुम्ही तोंडात नाही ना घातला.
मी म्हटलं, छे.

श्रावण वद्य १३.
डावीकडची दाढ दुखते आहे. आधीपासून दुखत होती का, आठवत नाही.
भावजींना आडून विचारलं, समजा एखाद्या बाईने चुकून ओठ लावला, तर तिला कळावं कसं. म्हणाले, आठ-दहा दिवस अंधारात कोंडून ठेवायचं. तरी उजळलं तर रेडियम. नाही उजळलं तर साधी पूड, बाई खुशाल राहील. पण साधी असली तरी तोंडात घालायची वस्तू नाही ती. हात धुवावे, लेकरांच्या हाती देऊ नये.
म्हणजे परीक्षा ट्रंकेत चालूच आहे.
उजळली तर जबडा गेला. नाही उजळली तर महालक्ष्म्या गेल्या.
अंबादेवीसमोर उभी राहिले. काय मागावं ते ठरेना. नुसता नमस्कार करून आले.

भाद्रपद शुद्ध १.
ठरवलं. कमळंही उजळतील आणि जबडाही राहील. देवीच्या कामात बाधा होत नसते.
आरशासमोर तोंड उघडून बसले होते. हे कोर्टातून आले. म्हणाले, दात मोजून राहिली का.
सासूबाईंनी ट्रंक उघडून दाखव म्हटलं. आताच खर्चायचं नाही, म्हटलं.

भाद्रपद शुद्ध ७.
महालक्ष्म्या आल्या. जाऊबाईही आल्या अकोल्याहून. मखर पाहून म्हणाल्या, चांगलं आहे गं, जरा अंधारलेलं वाटतं. मी गालात हसले. उजव्या. डाव्यात दाढ आहे.

भाद्रपद शुद्ध ८. पूजा.
नैवेद्य वेळेवर. सोळा भाज्या, अंबील, सगळं. आळीतल्या बायका ओसरीपर्यंत दाटलेल्या. कमळं काळ्या कापडासकट मखराला बांधली, जरासुद्धा वाया जायला नको. आरती झाली. दिवे मालवले. समई मालवायची नसते, ती आत नेऊन ठेवली. कापड ओढलं.
काही नाही.
माणिकबाई म्हणाल्या, थांबा, डोळ्याले सवय होऊ द्या. सगळ्या थांबल्या. एक पोर रडायला लागलं. मग भांडं कलंडलं. सासूबाईंचा पाय अंबिलाच्या गंजात. म्हणाल्या, समई आण वं आधी. लक्ष्मीले अंधारात बसवलं तुनं. पुढच्या साली अकोल्याले.
त्या अंधारात मला सगळ्यात आधी काय वाटलं, ते कोणाला सांगायचं नाही. दाढ दुखायची थांबली.

भाद्रपद शुद्ध ९. विसर्जन.
सकाळीच कमळं अंगणात भिरकावली. आज दिवसभर लख्ख ऊन.
दिवेलागणीला मी मुखवटे पेटीत ठेवत होते. सासूबाईंनी अंगणातून हाक मारली. कमळं पडल्या जागी उजळली होती. एकूण एक. भावजी तिथेच होते. आभाळाकडे पाहत राहिले.
सासूबाईंनी पदर सावरून हात जोडले. मला वाटलं, विचार बदलला. मी पेटी खाली ठेवली.
म्हणाल्या, लय सुरेख केलं वं. हे बी बांधून दे अकोल्याले.
जाऊबाईंनी विचारलं, ह्याचं काय करावं लागतं. मी सगळं सांगितलं. आदल्या दिवशी उन्हात पसरायची. लेकरांच्या हाती द्यायची नाहीत. हात लावला की धुवायचा. रंग उडाला आणि पुन्हा द्यायचा झाला, तर ब्रश ओठांना लावायचा नाही.
जाऊबाई म्हणाल्या, एवढं माझ्या ध्यानात राहायचं नाही बाई, तूच ये दोन दिवस आधी. पुरण वाटायलाही हात लागतो.
हो म्हटलं.