सुकट म्हणवून घ्यावं की न घ्यावं

रविवार, १४ नोव्हेंबर १९५४

धोतर अंगणात, सदरा अंगणात, उपरणं अंगणात. घरात फक्त मी, तोही दोनदा आंघोळ करून. प्रमोदिनी म्हणाली, "तुम्हीही रात्रभर दोरीवर राहिलात तर बरं." बायको म्हणून तिचा अधिकार आहे. नाक म्हणून तर आहेच.

झालं ते असं. मुरुडला हुतुतूचा सामना. आमचा रेवदंड्याचा संघ, आणि संघामागे आम्ही शौकीन मंडळी — वाडीवाले, कारकून, मास्तर, कोळी. खाडी ओलांडून साळावला गेलो तर एसटी नादुरुस्त! काळूराम नाखवा म्हणाला, "चला माझ्या मचव्यात, सोडतो मुरुडला. पन आत माल हाय." माल म्हणजे सुकट. श्रीवर्धनच्या व्यापाऱ्याची पोती. बसायला दुसरं काही नव्हतं, पोत्यांवरच बसलो. यज्ञेश्वरपंत तेवढे उभे राहिले — चौलच्या नारळी-पोफळीचे धनी, शाळा समितीचे सभासद, आमच्या शौकीन मंडळाचे अध्यक्ष. खाडीच्या तोंडाशी लाट आली आणि तेही बसले. नेमके फाटक्या पोत्यावर.

पाठशाळेत पाठ केलं होतं — गन्धवती पृथ्वी. गंध हे पृथ्वीचं लक्षण. मुरुडला उतरलो तेव्हा आम्ही फारच पार्थिव झालो होतो. वारा आमच्या पाठीकडून मैदानाकडे. आमच्याआधी आमची वार्ता पोचली. बाळाजीशेट म्हणून त्यांच्याकडचे मुख्य शौकीन — सुपारीची वखार, पहाडी आवाज — नाक धरून उभे राहिले : "आली रे आली, रेवदंड्याची सुकट आली!" झालं! सगळं मैदान तेच ओरडू लागलं.

सामना आपण जिंकलो. म्हणजे सदानं जिंकला. काळूरामच्या मचव्यावरचा खलाशी, नीराबाईचा मुलगा. चढाईला गेला की दम सुटतो ही गोष्ट या पोराला कुणी सांगितलेलीच दिसत नाही. पण परतताना सदाचं नाव कुणी काढलं नाही. तोंडी एकच — आपल्याला सुकट म्हणाले!

सोमवार, १५ नोव्हेंबर

धोतर तिसऱ्यांदा धुतलं. सुकट आता रूढ झाली आहे.

गुरुवार, १८ नोव्हेंबर

सकाळी ओट्याशी नीराबाई. पाटी खाली ठेवली, पण मासळी विकायला आली नव्हती. आमच्या दारी ती कशाला विकेल.

"शास्त्रीबाबा, शालेत शिपायाची जागा हाय म्हनतात. माझ्या सदाला लावा. त्याचा बापूस दर्यात गेला तो काय परत आला न्हाय. मला पोरगा जमिनीवर पायजे."

"मी कोण लावणारा? मी वर्तमानपत्राचा बातमीदार. समितीत यज्ञेश्वरपंत आहेत."

"म्हनून तं तुमाकडं आले. पंतांना तुमी सांगा. तुमच्या खेलासाठी तरी सांगा. शिपाई झाला तं सामन्याला हजर तरी राहील. दर्यात असला तं कुनाला हाका माराल?"

युक्तिवादात एकही दोष नाही. दुपारी पंतांकडे गेलो. पंत म्हणाले, "अहो, सदासाठी नाही करायचं तर कुणासाठी! मंडळाचा ठराव करू म्हणजे मलाही समितीत बोलायला जोर येईल. रविवारी बैठक आहेच. विषय दुसरा घ्या."

"आणि पहिला?"

पंतांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मला नाकच नाही. "पहिला म्हणजे नावाचा!"

रविवार, २१ नोव्हेंबर

मारुतीच्या देवळात बैठक. विषय एक — आपणांस देण्यात आलेले नाव. विषय दोन — सदाची शिफारस.

पंत उभे राहिले. "मी जन्मात मासळीला शिवलेलो नाही. उद्या पंचक्रोशी मला सुकट म्हणणार! माझ्या दारी सोयरीक घेऊन कोण येईल?"

काळूराम मागून म्हणाला, "पंत, आमी पिढ्यान् पिढ्या सुकट. आमची लग्नं व्हतात की."

खसखस पिकली. पंत सोडून.

एक कारकून म्हणाला, आपणच ते नाव घ्यावं, आपणच ओरडावं. मग मुरुडकरांच्या हातात उरलं काय? पंत म्हणाले, "त्यांच्या हातात नाही उरणार. आपल्या उरेल. वास!" मास्तरांनी सुचवलं की आपणही मुरुडकरांना एखादं वाईट नाव द्यावं. यावर बराच वेळ गेला. वाईट नावं पुष्कळ निघाली, पण मारुतीसमोर इतिवृत्तात लिहिण्याजोगं एकही नाही.

मग माझं मत विचारलं. मी म्हणालो, "योगाद्रूढिर्बलीयसी. शब्दाच्या पोटात काय आहे त्यापेक्षा लोकांच्या तोंडात काय बसलं ते बलवान." सर्वांनी माना डोलावल्या. पंतांना वाटलं मी त्यांच्या बाजूचा, काळूरामला वाटलं त्याच्या. संस्कृतचा हा मोठाच गुण आहे.

विषय दोन — वेळ झाला. पुढच्या बैठकीत.

शनिवार, २७ नोव्हेंबर

अंक आला. मी लिहिलं होतं — 'रेवदंड्याच्या क्रीडाशौकिनांनी संघाचा उत्साह द्विगुणित केला.' अलिबागेत संपादकमहाशयांनी मथळा घातला — 'मुरुडात सुकटीचा घमघमाट'. सदाच्या खेळाचा परिच्छेद जागेअभावी गाळला आहे.

पंत अंक घेऊनच आले. "शास्त्री, आता छापलं! छापलं म्हणजे खरं झालं!"

प्रमोदिनी आतून म्हणाली, "तुम्हांला निदान स्वतःचं नाव तरी मिळालं. मला वीस वर्षं शास्त्र्यांची बायको म्हणतात. आता सुकटीची म्हणतील. मी कुठं बैठक भरवू?"

रविवार, २८ नोव्हेंबर

दुसरी बैठक. पंतांनी मार्ग काढला — नाव नाकारून भागत नाही, त्या जागी दुसरं द्यावं लागतं. आणि ते शास्त्र्यांनी द्यावं. नको नको म्हणालो. पण नको म्हणताना मनात समास जुळू लागला होता, हे इथे लिहायला हरकत नाही. दिलं : श्रीरामेश्वरप्रासादिक क्रीडारसोपासक मंडळ.

स्तब्धता पसरली. मला वाटलं, आदरानं.

काळूराम म्हणाला, "शास्त्रीबाबा, ह्ये एका दमात बोलायचं?"

"अर्थात."

"मंग चढाईला तुमीच जावा."

सगळे हसले, तो हसला नाही. म्हणाला, "शिवी मुरुडवाल्यांनी दिली व्हय. पन आमाला ती लागली न्हाय. सुकट आमच्या घरात, आमच्या ताटात. तुमी जवा नको नको करता, तवा लागते. तुमाला तिची लाज, म्हंजे आमची लाज."

पंत म्हणाले, "तसं नाही नाखवा, तसं नाही." कसं, ते सांगितलं नाही.

विषय दोन वाचला. पंत म्हणाले, आधी नावाचा निकाल लागू दे. ठराव कुणाच्या नावानं करायचा? नाव नसलेल्या मंडळाच्या ठरावाला समितीत किंमत काय? हेही बिनतोड. आमच्या गावात सगळं बिनतोड असतं.

रविवार, ५ डिसेंबर

आमच्याच वाळूत अलिबागच्या संघाशी सामना. नव्या नावाची परीक्षा घ्यायचं ठरलं. सदा चढाईला निघाला आणि आम्ही सुरू केलं — "श्रीरामेश्वरप्रासादिक क्रीडारसो—" तेवढ्यात सदा दोन गडी मारून परतही आला! मध्येच सोडणं बरं दिसेना, म्हणून पुढे चालू ठेवलं. "विजय असो" हे नेमकं पुढच्या चढाईत सदाची पकड झाली तेव्हा आलं. अलिबागकरांनी टोप्या काढून आभार मानले.

सदा खाली, अंगावर चार जण, दम अजून चालू. पलीकडून नीराबाई उठली. एकच शब्द. "सुकट!" चाबूक ओढावा तसा. मग सगळा कोळीवाडा — "सुकट! सुकट!" — आणि पोरानं चौघांना ओढत रेषेला बोटं लावली.

मीही ओरडलो का? पंत माझ्या शेजारी होते. खोकलो.

सामन्यानंतर सदा आला. पाठभर वाळू. "शास्त्रीबाबा, माझ्या कामाचं काय झालं?"

"विषय घेतलाय. दुसरा आहे."

"पहिला कंदी संपंल?"

रविवार, १२ डिसेंबर

मतदान. हात वर करून. समसमान! पंतांचं मत अध्यक्ष म्हणून जादा. सुकट फेटाळली, रसोपासक मंजूर. मी समासाच्या बाजूनं हात वर केला. आपल्याच अपत्याविरुद्ध कोण मत देतं?

काळूराम उठला. त्याच्यामागून सगळे कोळी उठले. भांडण नाही, तंटा नाही. पायरीवर वहाणा घालताना तो म्हणाला, "बसा आता मोकले. वास आमच्यासंगं जाईल."

जागा खूपच झाली देवळात. आवाज घुमू लागला.

विषय दोन पुकारला. पंत म्हणाले, "संबंधित मंडळी उपस्थित नाहीत." तहकूब.

सोमवार, १३ डिसेंबर

इतिवृत्त लिहीत बसलो. 'तहकूब' या शब्दाला चांगला संस्कृत प्रतिशब्द सापडत नाही. पूर्वीचे लोक कामं करत असावेत.

सोमवार, ३ जानेवारी १९५५

शाळेत शिपाई लागला. सदा नव्हे. पंतांच्या चुलतबहिणीच्या दिराचा मुलगा आहे. धावता येत नाही, घंटा मात्र बरी वाजवतो.

तडक चौलला गेलो. पंत पोफळीला पाणी लावत होते. तोडलेली झावळी माझ्या हातात देत म्हणाले, "अहो, समितीत विचारलं — कुणी नाव सुचवतं का? मी काय बोलणार? मंडळाचा ठरावच नव्हता."

"ठराव आपणच तहकूब केलात."

"म्हणूनच नव्हता ना!"

झावळी घेऊन अर्ध्या वाटेपर्यंत आलो तेव्हा ध्यानात आलं की ती हातात आहे.

शुक्रवार, १४ जानेवारी. संक्रांत

सदा आला. बरोबर नीराबाई, नवं लुगडं नेसून.

"शास्त्रीबाबा, जातो. मुरुडला. बाळाजीशेटनं वखारीत ठेवलंय. आयेला बी खोली देतो बोलला."

"आणि खेळ?"

"त्यांच्याकडनंच."

मी म्हणालो, "अरे, पण त्यानंच तर आपल्याला सुकट म्हणून हिणवलं!" बोलून गेलो आणि 'आपल्याला' हा शब्द जिभेवर अडखळला. मत दिलेला माणूस मी.

"व्हय, तवा बोलला. मंग परवा स्वतः आला आमच्या दारात. बसला. आयेच्या हातचा चा प्याला. बोलला, येतोस का."

नीराबाई म्हणाली, "पोरगा जमिनीवर राहील, शास्त्रीबाबा. मला तेवढंच. मुरुडची का आसंना."

तिळगूळ दिला. गोड बोला म्हणालो. दोघं वाकून नमस्कार करून गेली. मग प्रमोदिनी बोलली. सगळं लिहीत नाही, गोड नव्हतं. शेवटचं तेवढं — "यज्ञेश्वरपंत समितीत बोलले नाहीत, पण तुमचे पाय कुणी बांधले होते? एक अर्ज लिहायला काय समास लागतो?"

रविवार, ३० जानेवारी

मंडळाचा शिक्का मुंबईहून बनून आला. नाव मावलं नाही. 'मंडळ' वर्तुळाबाहेर आहे.

बैठकीला चौघे. विषय एक — नवा चढाईपटू कुठून आणावा. काळूरामला विचारावं असं मास्तर म्हणाले. कुणी विचारावं, यावर एकमत झालं नाही.

रविवार, १३ फेब्रुवारी. मुरुड

पुन्हा मुरुडकरांशी सामना. एसटी चालू होती. कपड्यांना कसलाही वास नाही.

सदा त्यांच्याकडून चढाईला निघाला आणि मुरुडकर एका आवाजात गरजले — "सुकट! सुकट!" हिणवून नव्हे. छाती काढून! वकील, वखारवाले, मुसलमान मोहल्ल्यातले, सगळे. बाळाजीशेट सर्वांत मोठ्यानं. त्यांच्या मधोमध नीराबाई खुर्चीवर, आणि तिच्यामागे आपला काळूराम, मचवाभर माणसं घेऊन.

आमच्या बाजूला आम्ही चौघे. पंत बराच वेळ तिकडे पाहत राहिले. मग माझा दंड धरून हळूच म्हणाले, "शास्त्री, ते नाव आपलं होतं हो!"