आमच्या पक्षाचा विजय कसा झाला आणि त्यात माझी पाटी कशी गेली

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझा गुडघा आता वळतो का? भावोजींचा खोकला कमी झाला असेल अशी आशा आहे. (नसेल झाला तर त्यांना खिडकीपाशी बसणं बंद करायला सांग. सक्ती मात्र करू नकोस, ती माझ्या तत्त्वात बसत नाही.) इकडे सगळ्यांच्या तब्येती ठीक आहेत. माझी तेवढी विचारू नकोस.

परवा फोनवर तू म्हणालीस, ‘अभिनंदन, जिंकलात एकदाचे,’ आणि मी सरळ फोन हिच्या हातात दिला. तुला वाईट वाटलं असेल. पण ताई, ज्या गोष्टीचं तू अभिनंदन करत होतीस तिच्यामुळे माझ्या अंगाचा तिळपापड होतोय, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो.

मोकळीक पक्ष माझ्या चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत स्थापन झाला, हे तुला ठाऊक आहे. मी, शेजारचा शिंपी आणि गाडी शिकवणारा मास्तर, असे तिघे होतो. चौथी सही लागत होती म्हणून हिची घेतली. (ती तेव्हा काचा पुसत होती. कशावर सही करतेय हे तिने विचारलंही नाही.) तत्त्व एकच : सरकारने माणसाच्या वाटेतून बाजूला व्हावं. पहिल्या निवडणुकीत मी उभा राहिलो. चिन्ह म्हणून उघडं दार मागितलं होतं, कार्यालयाने कुलूप दिलं. घोषणा मास्तरने लिहिली, ‘आम्हाला निवडून द्या, आम्ही काहीही करणार नाही.’ लोकांना वाटलं, हे तर बाकीचेही करतात, फक्त आधी सांगत नाहीत. एकतीस मतं पडली. त्यांतली काही तरी आपल्या नातेवाइकांची असतील असं मी धरून चाललो होतो, पण नंतर प्रत्येकाने आपणहून सांगितलं की त्यांनी दिलं नाही.

दुसऱ्या निवडणुकीआधी पक्ष फुटला. बागेतली बाकडी सरकारने विकून टाकावीत असं शिंपी म्हणायचा. मी म्हटलं, बागच विकावी, बाकडी तिच्यासोबत जातील. तो उठून गेला आणि त्याने ‘अस्सल मोकळीक पक्ष’ काढला. मला अकरा मतं, त्याला नऊ. तरी त्या रात्री मी ताठ मानेने जेवलो, कारण आपण हरलो तरी अस्सलपेक्षा दोनांनी पुढे होतो.

मग तो खड्डा आला. नगरपालिकेने गटारासाठी माझ्या दुकानासमोरचा फुटपाथ खणला आणि तसाच सोडून माणसं निघून गेली. आमचे निवृत्त पोस्टमन, तुला आठवत असतील, नवा चष्मा न्यायला येताना त्यात पडले आणि पाय मोडला. (चष्मा घेऊन जाताना पडले असते तर दोष माझ्यावर आला असता.) मी ताबडतोब पक्षाची सभा बोलावली. मास्तरचं म्हणणं, सरकारकडे काही मागायचं नाही, आपण नागरिकांनी स्वेच्छेने खड्डा बुजवायचा. ठराव एकमताने झाला. रविवारी सकाळी फावडी घेऊन मी उभा होतो. स्वेच्छेचा प्रश्न असल्यामुळे कोणीच आलं नाही. मास्तरची इच्छा नव्हती आणि माझी कंबर धरली होती. मग मास्तर म्हणाला की खड्डा राहूच द्यावा, सरकार म्हणजे काय हे लोकांना त्यात उतरून दाखवता येईल. हेही मला पटलं.

हिला पटलं नाही. ही पोस्टमनना दवाखान्यात भेटून आली, दुसऱ्या दिवशी डबा आणि विणकाम घेऊन नगरपालिकेच्या इंजिनिअरच्या खोलीत जाऊन बसली. त्याने सांगितलं, साहेब येतील तेव्हा बघू. ही म्हणाली, ‘मला घाई नाही, स्वेटर मोठ्या मापाचा आहे.’ बाही संपायच्या आत खडीची गाडी आली. खड्डा बुजल्यावर गल्लीतली माणसं माझ्या दुकानात येऊन हिचा सत्कार करून गेली. माझ्या दुकानात, ताई, आणि चष्मा एकानेही घेतला नाही.

निवडणूक लागली तेव्हा ही म्हणाली, ‘तुम्ही दोनदा उभे राहिलात, आता मी राहते.’ मी हो म्हटलं. मला वाटलं हरेल, मग माझं दुःख तिला कळेल. तिने आमचा जाहीरनामा हातातही घेतला नाही. दारोदार जाऊन विचारलं, तुमचा दिवा लागतो का, गटार तुंबतं का? आणि ती निवडून आली, बाराशे मतांनी. ज्या लोकांनी मला अकरा दिली त्यांनी. वार्ताहराने पक्षाची विचारसरणी विचारली तर ही म्हणाली, ‘पडलेल्याला उचलायचं आणि खड्डा बुजवायचा.’ दुसऱ्या दिवशी हेच छापून आलं, वर माझा फोटो, खाली ‘नगरसेविकेचे पती’. शिंपी त्याच संध्याकाळी अस्सल पक्ष बरखास्त करून पेढ्यांसकट परत आला. त्याला दुकानापुढे नळ हवाय.

आता मुख्य अन्याय ऐक. तिचा पहिला ठराव : फुटपाथवर लोंबणाऱ्या पाट्या उतरवाव्यात. माझा तो लाकडी चष्मा, जो मी स्वतः रंगवला, त्याला उंच माणसांचं कपाळ लागतं म्हणे. नोटीस टपालाने आली नाही, तिने स्वतःच चहाच्या बशीखाली ठेवली. मी विचारलं, ‘नवऱ्यालासुद्धा?’ ती म्हणाली, ‘नवऱ्यापासूनच सुरुवात केली म्हणजे बाकीचे बोलत नाहीत.’ मी तिला पक्षातून काढायला सभा बोलावली. मास्तरने घटना वाचली : कोणत्याही सभासदाला त्याच्या इच्छेविरुद्ध काढता येणार नाही. हे कलम शिंप्याच्या भीतीने मीच घातलं होतं. तिची इच्छा विचारली, ती म्हणाली, ‘नाही,’ आणि सभा संपली. पाटी आता माझ्या पलंगाखाली आहे.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
स्वतःच्याच पक्षात अल्पमतात गेलेला भाऊ

ता. क. : प्रभागात एक सल्लागार समिती नेमणार आहेत. अशी समिती मुळात नसावी हे माझं मत कायम आहे. पण होणारच असेल तर तिच्यात विरोध करणारं कोणी तरी हवं. ही तुझं ऐकते. सहज विषय काढून बघशील का? मी सांगितलं असं म्हणू नकोस.

ता. क. २ : अध्यक्षपद असेल तर उत्तम.

वन्सं, नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडेच दिलंय, पाकीट न चिकटवता. समितीत त्यांचं नाव मी कालच घातलं. पण आठवडाभर त्यांना सांगू नका. रुसले की दुकान वेळेवर उघडतात आणि घरात भाषण होत नाही. पोस्टमनना स्वेटर बरोबर बसला. गुडघ्याला जपा.