गंगीचा धुंड

बापू,

तुमाले अन् याडीले कॅनडाहून शामचा राम राम.

बाळंतपणातून ममता आता चांगली आहे. पोट्टी तर तिच्या आजीचं, आपल्या याडीचंच तोंड घेऊन आली, म्हणून नावही तिचंच ठेवलं, गंगी. थंडीची काळजी नको. शेजारची बाई रोज गरम सूप आणून देते.

दवाखान्यात कोणी जात पुसली नाही की गाव पुसलं नाही. पोट्टी रडली अन् इथली झाली. जो इथं जन्मला तो इथला, असा कायदाच आहे. लय उपकार आहेत या देशाचे. आमचे दोघांचे कागद अजून अडकून आहेत, म्हणजे घरात ती एकटी पक्की अन् मायबाप पाहुणे! हसा, पण चिंता करू नका.

तुमीच सांगत होते, आपले लोक बैलांवर मीठ लादून फिरत तवा बाया वाटेतच बाळंत होत. तांड्यात जन्मलं ते लेकरू तांड्याचं. कोणी लिहून ठेवलं नव्हतं ते.

मंग होळीले नव्या लेकराचा धुंड करून, त्याच्या डोक्यावर काठीवर काठी वाजवून, फक्त पोट्ट्यालेच तांड्याचा काहून म्हणतेत? पोट्टा की पोट्टी हे निसर्गानं ठरवलं. धुंड कोणाचा, हे तर आपणच ठरवलं ना? अन् तांड्याचे नायक तुमीच आहा.

याडीचा गुडघा कसा आहे? तिले पुसा, तिचा धुंड झाला होता का?

कागद आले की होळीले येतो. परक्या देशानं गंगीले पह्यल्या रडण्यालेच आपली म्हटलं. तिचा आजा काय म्हणते, तिकडं कान लावून आहो.

तुमचा,
शाम