सहा इंची आरसा आणि माझे साडू

मी, भीमराव तुकाराम रामटेके, वय त्रेसष्ट, राहणार विश्रांतवाडी, पुणे, पूर्वी पिंपरीकडच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये ग्राइंडर, हा कागद स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला माझ्या हृदयाची बायपास ठरली आहे. डॉक्टर "काही काळजी करू नका" असे तीन वेळा म्हणाले, तेव्हा मी फुलस्केप कागद आणले. याआधी मृत्युपत्राचे चार मसुदे केले होते. त्यांतला एकही पुरा झाला नाही, त्यामुळे ते रद्द करण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

१. राहता फ्लॅट माझी पत्नी राधा हिच्या हयातीपर्यंत तिचा. तिच्या पश्चात मुलगा चेतन आणि मुलगी मैत्री यांचा, अर्धा अर्धा. बँकेत जे काही असेल ते सर्व राधाचे. तिने ते जपून न ठेवता खर्च करावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मैत्रीने करावी, कारण ती शिक्षिका आहे आणि लोक तिचे ऐकतात.

२. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा करावा. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सीताराम यांना भाषण करायला सांगू नये. ते चांगले बोलतात.

सीताराम म्हणजे सीताराम वासनिक, माझे साडू. राधाची धाकटी बहीण इंदू त्यांना दिली आहे. टपाल खात्यात होते, आता निवृत्त आहेत. या कागदात त्यांचे नाव पुष्कळ वेळा येईल. त्याला माझा इलाज नाही.

३. मोजमापाची माझी साधने, म्हणजे मायक्रोमीटर, व्हर्निअर आणि लाकडी पेटीतले डायल गेज, मैत्रीला. चेतनला ती लागणार नाहीत. तो हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत आहे. दर तीन महिन्यांनी त्यांचे काहीतरी पुरे होते आणि ऑफिसात केक कापतात. मी विचारले, "सगळे दोष काढले का रे?" तर म्हणाला, "नाही बाबा, नोन इश्यूज आहेत, नेक्स्ट रिलीजमध्ये बघू." पोटच्या मुलाचा हेवा करू नये हे मला कळते. पण दोष ठेवून काम संपवायचे आणि वर केक खायचा, हे सुख मला आयुष्यात मिळाले नाही.

४. माझ्या मालमत्तेत अर्धवट कामेही येतात. त्यांची वाटणी अशी: भाता उसवलेली बाजाची पेटी चेतनला. पाली भाषेच्या अभ्यासाची वही, जी अकराव्या धड्यावर थांबली आहे, मैत्रीला. गॅलरीतले दोन बाजू असलेले कपाट राधाला, तिने त्याला तिसरी बाजू कोणाकडूनही लावून घ्यावी. कारखान्यात तीस वर्षे माझे एकही काम अर्धवट राहिले नाही. तिथे इन्स्पेक्टर येई, मोजून पाही आणि 'ओके'चा शिक्का मारी, की काम संपले. घरी शिक्का मारायला कोणी नव्हते. मी स्वतःच इन्स्पेक्टर झालो आणि वीस वर्षे स्वतःचे काम परत पाठवत राहिलो. १९९८ साली कारखान्यात संगणकावर चालणारी यंत्रे आली आणि आम्हाला स्वेच्छानिवृत्ती दिली. वाटले, आता वेळच वेळ. पण वेळ मिळाल्यावर मी आणखी बारकाईने मोजू लागलो.

५. दुर्बिणीचा आरसा. १९८५ च्या दिवाळीत मी आणि सीताराम यांनी एकाच दिवशी काम सुरू केले. पुढच्या वर्षी हॅलेचा धूमकेतू दिसणार होता. बोहरी आळीतून घासायची पूड आणली, बुधवार पेठेतून काचेच्या जाड गोल चकत्या आणल्या. दोन चकत्या एका पिंपावर एकीवर एक ठेवायच्या, मधे पूड आणि पाणी घालायचे, आणि पिंपाभोवती फिरत घासत राहायचे. वरची काच हळूहळू खोलगट होते, तोच आरसा. आधी जाडी पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी पॉलिश. प्रत्येक वेळी सगळे स्वच्छ धुवायचे, कारण जाड्या पुडीचा एक कण राहिला तरी ओरखडा पडतो.

सीताराम यांनी त्यापूर्वी हातात पानासुद्धा धरला नव्हता. त्यांचा आरसा मार्चमध्ये तयार झाला. माझा अजून धुकट आहे. प्रत्येक वेळी पॉलिशपर्यंत पोचलो, भिंगाखाली एखादा ओरखडा दिसला, आणि मी पुन्हा जाड्या पुडीवर गेलो. पंच्याण्णवचे खग्रास ग्रहण गेले, सत्त्याण्णवचा धूमकेतू गेला, दोन वर्षांपूर्वी मंगळ जवळ येऊन गेला. या काळात सीताराम वर्तमानपत्रात दोनदा छापून आले. शाळांत त्यांना 'दुर्बीणवाले काका' म्हणतात. इंदू आमच्याकडे आली की कात्रण पर्समध्येच असते. राधा ते वाचते आणि म्हणते, "छान आलाय हो फोटो." त्या दिवशी मला जेवण जात नाही. हे मी कोणाला बोललो नव्हतो.

त्यांच्या दुर्बिणीला मी अठरा वर्षे डोळा लावला नाही. कधी चष्मा विसरलो, कधी मान धरली होती. मग गेल्या वर्षी जूनमध्ये, भर दुपारी, शुक्र सूर्यावरून सरकत गेला. विहारासमोर त्यांनी दुर्बीण लावली होती आणि सूर्याचे बिंब पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडले होते. मी मंडईतून भाजी घेऊन येत होतो. डोळा लावायची गरजच नव्हती, पुठ्ठा सगळ्यांना दिसत होता. ढग बाजूला झाला आणि बिंबावर काळा ठिपका दिसला, कडा अगदी स्पष्ट. मी पिशवी घेऊन तसाच उभा राहिलो. वाईट याचे वाटले की इतके स्पष्ट दिसायला नको होते.

६. ते का नको होते, हे लिहिल्याशिवाय मला ऑपरेशनला जायचे नाही. १९८६ च्या फेब्रुवारीत सीताराम पॉलिशवर आले होते आणि मी दोन पायऱ्या मागे होतो. मी त्यांच्या घरी गेलो. ते चहा सांगायला आत गेले, तेव्हा मी नखात भरून नेलेली जाडी पूड त्यांच्या पाण्यात सोडली. दोन बोटे लांब ओरखडा पडला. मला वाटले, आता हे पुन्हा पहिल्यापासून करतील. त्यांनी काच उजेडात धरली, म्हणाले, "पडला वाटतं. असू दे, बाकीचा आरसा आहे की," आणि घासत राहिले. त्याच ओरखड्यासकट त्यांनी हजारो पोरांना शनीची कडी दाखवली. आणि मी तेव्हापासून स्वतःच्या काचेवर केसाएवढी रेघ सहन करू शकलो नाही.

७. सबब, आरसा, पिंप आणि उरलेली पूड मैत्रीला. तिने आरसा पुरा करावा किंवा विसर्जित करावा, पण सीताराम यांच्या हाती देऊ नये. ते आठवड्यात पुरा करतील. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असे वकिलांनी सांगितले. म्हणून पहिले साक्षीदार मी त्यांनाच नेमले आहे.

दुसऱ्या साक्षीदार, शेजारच्या विमलाबाई ससाणे, यांनी सही केली. सीताराम यांनी मात्र सहीआधी सगळे वाचायला मागितले. नाही म्हणायला मला कारण सापडले नाही. सहावे कलम त्यांनी दोनदा वाचले. पुढे जे झाले ते येथे जोडत आहे.

ते म्हणाले, "वीस वर्षं मी समजत होतो, माझंच धुणं कच्चं राहिलं."

त्यांनी पेनाला टोपण लावले.

"राग आला असेल तर बोला," मी म्हणालो.

"आलाच आहे. भाऊजी, दोन सह्यांशिवाय हा कागद चालत नाही ना? मग मी सही करत नाही. आधी आरसा पुरा करा. बावीस दिवस आहेत, पॉलिशच तर राहिलंय. रोज सकाळी येतो, पाणी मी घालीन."

"आणि पुन्हा ओरखडा पडला तर?"

"पडला तर कशाला? उद्या येताना जाडी पूड घेऊनच येतो. पहिला ओरखडा मी पाडणार. माझा हक्क आहे तो. मग तुम्ही निवांत घासा."

राधा हसली. वीस वर्षांत या आरशावरून ती प्रथमच हसली, आणि तेही सीताराम यांच्यामुळे. हा माणूस मला धड मरूही देत नाही, हे मी पूर्ण शुद्धीत नोंदवत आहे.

स्थळ: पुणे. रविवार, ६ नोव्हेंबर २००५.

मृत्युपत्र करणार: भीमराव तु. रामटेके (सही)

साक्षीदार २: विमलाबाई ससाणे (सही)

साक्षीदार १: सीताराम वासनिक. आरसा झाल्यावर.