नोरासाठी बारा बाण

पोर्टलीश,
आयर्लंड.
रविवार, १ जून २०२५

प्रिय सुलेखा,

सप्रेम नमस्कार. मी खुशाल आहे. कौमुदी, परेश आणि गुंजनही मजेत. फोनवर तू लगेच "कौमुदीकडे द्या" म्हणतेस आणि माझं निम्मं बोलणं माझ्यापाशीच राहतं, म्हणून आज कागद घेऊन बसलो. अडतीस वर्षांत हे माझं तुला दुसरंच पत्र. पहिलं साखरपुड्यानंतरचं, आणि त्यात मी दोन पानं कारखान्यात आलेल्या नव्या ग्राइंडिंग मशीनबद्दल लिहिलं होतं. हे पत्रही थोडंफार त्याच वळणावर जाणार आहे, आधीच सांगतो.

सुलेखा, मी बाण बनवतोय!

हसू नकोस. खरे बाण. कार्बनच्या दांड्यांचे, पुढे पोलादी टोक, मागे टर्कीची पिसं. परेशनं बागेतली शेड मला मोकळी करून दिली आहे आणि सकाळचा चहा झाला की मी तिथे जाऊन बसतो. कौमुदी जेवायला तीनदा हाक मारते. गुंजन दारातून डोकावते, "आजोबा, आर यू स्टिल अ‍ॅट इट?" म्हणते आणि पळते. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इथल्या हेलातल्या इंग्रजीत.

झालं असं. मी इथे आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात हार्डवेअरच्या दुकानात गेलो होतो. (कौमुदीनं मला "बाबा, स्क्रू प्रेसमध्ये आहेत" असं सांगितलं होतं आणि मी इस्त्रीच्या टेबलाखाली शोधून आलो. इथे प्रेस म्हणजे कपाट.) दुकानात माझ्या पुढे एक बाई हातात बाण घेऊन गोंद मागत होती. माझ्याच वयाची, उंच, पांढरे केस पुरुषासारखे कापलेले. मी बघतो तर गुंजनच्या शाळेची बस चालवणारी नोरा डिलेनी! मी नमस्कार केला, तिच्या हातातला बाण घेतला, काउंटरवर घरंगळवला आणि म्हटलं, "हा वाकडा आहे."

माझं तोंड तुला माहीतच आहे. पण ती रागावली नाही. म्हणाली, "तुला नुसत्या डोळ्यांनी दिसलं?"

मी म्हटलं, "चौतीस वर्षं हेच केलंय."

शनिवारी ती मला तिच्या क्लबात घेऊन गेली. गावाबाहेर एका शेतकऱ्याचं जंगल आहे, तिथे हे लोक झाडांमधून हिंडत नेम मारतात. घाबरू नकोस, प्राणी फोमचे. हरीण, रानडुक्कर, आयर्लंडमध्ये कधी कोणी पाहिलं नसेल असं अस्वलसुद्धा. इथे धनुष्यबाणानं खरी शिकार करायला कायद्यानं बंदी आहे, आणि घोडा दाबून बाण सोडायच्या आडव्या धनुष्याला तर बंदुकीसारखा परवाना लागतो. त्यामुळे तुझ्या नवऱ्याच्या हातून जीवहत्या होत नाही, एवढी खात्री बाळग.

नोरा या क्लबात एकेकाळी पहिली यायची. दोन वर्षांपूर्वी तिच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. जुनं जड धनुष्य गेलं, हलकं आलं आणि बाण भलतीकडेच जायला लागले. बारा जुलैला त्यांची वर्षाची मोठी स्पर्धा आहे. ती म्हणाली, "या वर्षी जमलं नाही तर धनुष्य विकून टाकणार."

मी म्हटलं, "बाण मी करून देतो."

आता गंमत ऐक. बाण सरळ दिसतो, पण सुटताना तो सापासारखा वळवळतो. दांडी किती वाकायला हवी हे धनुष्याच्या जोरावर ठरतं. ते मोजायला मी शेडमध्ये एक जुगाड केलंय. दोन टेकूंवर दांडी ठेवायची, मधोमध वजन टांगायचं आणि ती किती खाली येते ते डायल गेजवर वाचायचं. डायल परेशनं ऑनलाइन मागवून दिला. हातात घेतला आणि काय सांगू, अंगावर काटा आला. इतकी वर्षं हातात असलेली वस्तू. चोवीस दांड्या मागवल्या, बारा नापास केल्या! उरलेल्या बारा एका मापाच्या कापल्या, प्रत्येकीची कडक बाजू शोधून खूण केली, पिसं त्या हिशेबानं चिकटवली. बाराही बाणांच्या वजनात तांदळाच्या दोन दाण्यांएवढाही फरक नाही. नोराच्या धनुष्यावर अडतीस पौंड असा जोर छापला आहे, त्याला अगदी चपखल माप. क्लबातले लोक बघायला येऊन गेले. मला "युवर मॅन फ्रॉम पूना" म्हणतात. म्हणजे "तो पुण्याचा गडी" असं काहीतरी, अपमान नाही.

चौदा तारखेला नोरा ते पहिल्यांदा सोडणार. मला रात्रीची झोप येत नाहीये, परीक्षेला बसलेल्या पोरासारखं झालंय.

तुझ्या गोधड्यांचं काम चालू असेल. कौमुदी परवा विचारत होती, आई का नाही आली. मी सांगितलं, बारशांचा हंगाम आहे, ऑर्डरी खूप आहेत, आणि मलाच नातीला बघायची घाई झाली होती. मार्चमधल्या त्या दिवसाबद्दलही लिहायचं होतं. पण कागद संपत आला आणि गोंद वाळायच्या आत शेवटची तीन पिसं बघायला हवीत.

तब्येतीस जप. पाण्याच्या टाकीचा वॉल्व्ह दुरुस्त करून घे, तो एक आटा ढिला आहे.

मोहन


पोर्टलीश,
रविवार, १३ जुलै २०२५

प्रिय सुलेखा,

काल नोरा दुसरी आली! अकरा बायकांत दुसरी, आणि पहिली आलेली मुलगी तिच्या निम्म्या वयाची. मी जंगलात इतक्या जोरात ओरडलो की पंचानं मला बोटानं गप्प केलं. एकूण वीस प्राणी. शेवटचं हरीण ओढ्यापलीकडे, नेच्यांच्या झुडपात अर्धं लपलेलं, फक्त खांदा आणि मान दिसत होती. नोरा उभी राहिली, श्वास सोडला, बाण सुटला आणि मला तो जाताना दिसला. अगदी दिसला, सुलेखा! शेपटी न हलवता, तारेवरून सरकल्यासारखा गेला आणि खांद्याच्या मागे, जिथे लागायला हवा तिथेच, थप्प. ती मागे वळली, धनुष्य गवतावर ठेवलं आणि मला मिठी मारली. चिखलाचे बूट, वरून पाऊस, आणि आम्ही दोघं म्हातारे हसतोय. मग सगळ्यांनी मिळून चहा आणि हॅमची सँडविचेस. माझ्यासाठी कोणीतरी आठवणीनं चीजची केली होती.

हे सगळं आधी लिहिलं, कारण पुढचं लिहायला मला धीर लागणार आहे.

तुझं पत्र तीस जूनला मिळालं. मी सात पानी पत्राची वाट बघत होतो असं नाही, पण चार ओळी होत्या. "पत्र पोचलं. बाण समजले. वॉल्व्ह दुरुस्त केला. तुम्ही मार्चचं लिहिणार होतात, ते लिहिलं नाहीत." मी ते शेडमध्ये नेऊन वाचलं. पुन्हा वाचलं. मग दिवसभर एकही दांडी हातात घेतली नाही.

तर आधी चौदा जूनचं सांगतो, ते सांगितल्याशिवाय मला मार्चवर येता येणार नाही.

त्या दिवशी माझे बाराच्या बारा बाण डावीकडे गेले. एकही हरणाला लागला नाही. मग दोष नेमका दिसावा म्हणून बिनपिसाचा एक सोडायला लावला, तो तर झाडात घुसला. क्लबातले पंधरा-वीस लोक उभे. मी काय केलं असेल? मी म्हटलं, "बाणात दोष नाही. मी मोजलेत. तुझा हात चुकतोय." ती म्हणाली, "मोहन, खांद्यामुळे मला पूर्वीइतकं ओढता येत नाही, मी तुला सांगितलं होतं." मी म्हटलं, "मग ओढायला हवं. धनुष्यावर अडतीस लिहिलंय." असं मी तीन वेळा म्हणालो. सगळ्यांसमोर.

ती ओरडली नाही. धनुष्याची दोरी उतरवली, पिशवीत ठेवलं आणि म्हणाली, "तू मोजतोस ग्रँड (इथे ग्रँड म्हणजे झकास). पण तू एकदाही विचारलं नाहीस की मला कुठे दुखतं."

आणि गाडीत बसून निघून गेली. मला घरी सोडायला दुसरं कोणीतरी आलं. वाटेत तो माणूस हवामानाबद्दल बोलत होता आणि मला आपली बैठकीची खोली दिसत होती.

घरी आल्यावर कौमुदीनं चेहरा बघून विचारलं, "बाबा, काय झालं?" मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आईशीही असंच झालं ना?" म्हणजे तिला ठाऊक होतं. मी महिनाभर बारशांचा हंगाम सांगत होतो आणि ती ऐकून घेत होती.

आता लिहितो.

मार्चमध्ये स्वराली नावाची ती बाई नातवासाठी गोधडी न्यायला आली होती. तू आत चहा टाकत होतीस. मी तुझी गोधडी टेबलावर पसरली होती. आदल्या दिवशी पट्टी लावून टाके मोजले होते आणि जिथे अंतर सारखं नव्हतं तिथे लाल पेन्सिलीनं गोल केले होते, सतरा. मी त्या बाईला म्हटलं, "हा माल आमच्याकडे रिजेक्ट झाला असता." मला वाटलं, मी प्रामाणिकपणा करतोय. तू चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होतीस. ती बाई गोधडी न घेताच गेली. तू दोन दिवस बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी म्हणालीस, "चौतीस वर्षं तुम्ही लोखंड तपासलंत. आता मला तपासायला लागलात. मला माझ्या घरात थोडे दिवस मोकळा श्वास घ्यायचाय. तुम्ही कौमुदीकडे जा."

मी नातीला बघायला आलो नाही, सुलेखा. तू मला पाठवलंस. हे मी इथे कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही.

आणि कौमुदीनं त्या संध्याकाळी मला आणखी एक सांगितलं. थंडीपासून तुझा उजवा अंगठा आखडतो. सुई चिमटीत धरवत नाही, म्हणून तू ती तर्जनी आणि मधल्या बोटात धरून शिवतेस. तू हे तिला जानेवारीतच फोनवर सांगितलं होतंस. मी त्याच घरात होतो. त्याच टेबलाशी, तुझ्यासमोर, पट्टी घेऊन बसलो होतो. मी टाके मोजले आणि हात पाहिला नाही.

सोमवारी सकाळी गुंजनला बसपर्यंत सोडायला मी गेलो. पोरं चढेपर्यंत थांबलो. मग दारातून विचारलं, "नोरा, तुला कुठे दुखतं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "चार वाजता ये. दाखवते."

चारला गेलो. तिनं दोरी ओढली, मी तिच्या मागे उभा राहिलो. तिचा हात जिथे थांबला तिथे बाणावर खूण केली. पूर्वीपेक्षा अडीच इंच कमी! त्यापुढे तिच्या खांद्यातून कळ जाते, डोळ्यांत पाणी येतं. अडीच इंच कमी ओढलं की धनुष्याचा जोर अडतीस राहतच नाही, तेहेतीसच्या खाली येतो. तेवढ्या जोराला माझे बाण फार कडक होते, म्हणून वाकत नव्हते आणि डावीकडे पळत होते. छापलेला आकडा खरा होता, पण नोराच्या हातात तो खरा नव्हता. आणि ही गोष्ट तिनं मला पहिल्याच शनिवारी सांगितली होती.

सगळे बाण पुन्हा केले. मऊ दांड्या घेतल्या, त्या आणखी वाकाव्यात म्हणून टोकं जड केली. या वेळी शेडमध्ये एकटा बसलो नाही. रोज दोन बाण न्यायचे, ती सोडणार, मी विचारणार, "कसा वाटला?" ती म्हणायची, "हा रागावलेला आहे," किंवा "हा बरा, पण घाईत आहे." असली भाषा! मी वहीत लिहून घ्यायचो. रागावलेला म्हणजे काय ते समजायला मला चार दिवस लागले. पण समजलं. आणि सांगू? इतकी मजा मला कारखान्यात कधी आली नव्हती. एक बाण सोडून झाला की तिच्या तोंडाकडे बघायचं, डायल नंतर.

तिची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ दे, ग्रँड आहे." इथे भूकंप झाला तरी ग्रँडच म्हणतील.

तुझी माफी फोनवर मागायची नव्हती. म्हणून हे पत्र. ते जे मी त्या बाईसमोर केलं ते चूक होतं. प्रामाणिकपणा नव्हता. रिटायर झाल्यावर मला कोणी काही तपासायला देत नव्हतं आणि तुझ्याकडे रोज माणसं येत होती, कौतुक करत होती. मला ते सहन झालं नाही. हे वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला आहे, पण ते खोडणार नाही.

माझा व्हिसा दोन ऑगस्टला संपतो. एक तारखेचं विमान आहे. मुंबईहून मी चिंचवडला येत नाहीये. नाशिकला नरेशकडे उतरतोय, त्याला सगळं खरं सांगून विचारलं आहे. तो म्हणाला, "दादा, हवं तितके दिवस राहा."

तू मोकळा श्वास मागितला होतास आणि मी तो तीन महिन्यांचा व्हिसा धरून मोजून दिला. तो किती दिवसांचा असावा हे तू ठरव. अंगठा डॉक्टरांना दाखवलास का, एवढंच कौमुदीला कळव. मला नको कळवूस, तुला नको असेल तर.

या पाकिटात कागदात गुंडाळून घराची माझी किल्ली ठेवली आहे. नरेशचा पत्ता तुझ्याकडे आहे. तू बोलावलंस तर दाराशी येऊन बेल वाजवीन, आणि तू उघडेपर्यंत बाहेर थांबेन.

तुझा,
मोहन