मुका झालेला पट्टा

पुन्ता आरेनास,
६ मार्च १९९४

चि. एलिसेओ यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुम्ही पाठवलेलं बटाट्यांचं पोतं पोचलं. नोएमीने मध्ये लसूण खुपसला होता, तो पाहून मला हसू आलं. माझ्या भावजयीला वाटतं आम्ही इथे बर्फच खातो.

बातमी अशी की दोमिंगाचं मे महिन्यात लग्न ठरलं. मामाकडून आहेर काय हवा म्हणून विचारलं, तर म्हणते आजोबांचा जुना रेडिओ, आणि तोही बोलता! मी तिला म्हटलं, अगं, कास्त्रोच्या स्टेशनवरून याच रेडिओवर मी त्यांना निरोप धाडला होता, तू चाळीस दिवसांची होतीस, शनिवारी होडी घेऊन चोंचीच्या धक्क्यावर या म्हणून. दोन दिवस पावसात मी तुला शालीत गुंडाळून बसले, ते आलेच नाहीत. लोकर कातरणाऱ्या रामिरोशी पळून लग्न केलं, तो राग त्यांनी नातीवरही काढला. तरी पोरीचा हट्ट सुटत नाही. तुझे हात चालतात, एवढं करून दे. मला मात्र तो डबा दाखवू नकोस.

नोएमीला माझी आठवण सांग. जीव लावतोस तसाच लावत राहा.

तुझी ताई,
ओतिलिया


लेमुय,
२७ मार्च १९९४

ती. ओतिलियाताईस सा. न. वि. वि.

दोमिंगाला मामाचे आशीर्वाद. रेडिओ माळ्यावरून उतरवला. मागचं झाकण काढलं तर आत उंदरांचा संसार. नोएमी म्हणाली, आधी इतक्या वर्षांचं भाडं वसूल करा. व्हॉल्व्ह मात्र सगळे शाबूत निघाले. बॅटरी जोडली, जरा तापू दिला, तर लघुलहरींवर कुणी ब्राझीलचा पाद्री खणखणीत बोलायला लागला. पण पट्टा बदलायचा खटका मध्यमलहरींवर आणला की मुका. खटक्याचे संपर्क स्पिरिटने पुसले, वीस वेळा फिरवला, तरी मुकाच. शेवटी नोएमीचा आरसा आत धरून पाहिलं. एक पितळी पट्टी मागे वाकलेली होती, टेकायची तिथे टेकतच नव्हती. सुईने हलकेच पुढे आणली, आणि कास्त्रोचं स्टेशन लागलं. निरोपांचीच वेळ होती. कुणाची तरी डुकरं सुखरूप पोचल्याचं सांगत होते. नोएमी हसली. मला हसता आलं नाही.

ताई, ती पट्टी मी वाकवली होती. स्टेशनवरून तुझा निरोप सांगितला त्याच आठवड्यात, गुरुवारी. मला ब्वेनोस आयरेसचा फुटबॉलचा सामना ऐकायचा होता, खटका घट्ट झाला होता, मी पक्कड लावून पिळला. सामना ऐकला. नंतर आपलं स्टेशन लागेना. बाबांनी विचारलं तेव्हा बॅटरी बसली म्हणून सांगितलं. एकोणीस वर्षांचा घोडा मी, तरी त्यांच्या हाताला भीत होतो.

मंगळवारी शेजारची क्लोरिंदा बटाट्याचे गरम मिल्काओ घेऊन बाळ बघायला आली. तिने निरोप ऐकला होता. तिला वाटलं, आपणही ऐकला. बाबांनी तिला बसाही म्हटलं नाही. तसेच उठले, होडी लोटली. बुधवारी परत आले ते नुसते चुलीपाशी बसले. धक्क्यावर कुणी सांगितलं होतं, पोरीवाली बाई सोमवारी गेली.

त्यांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी सांगितलं, मी पत्र लिहिलं. क्लोरिंदाने कुणाकडून तरी तुझा पत्ता काढून दिला. ते पत्र मी टपालात टाकलं नाही. वाटलं, तू येशील, बोलणी निघतील, रेडिओ उघडला जाईल. बाबा उत्तराची वाट बघत राहिले. नवी बॅटरी आणली तेव्हाही ते स्टेशन लागलं नाही, तर म्हणाले, राहू दे, आता कुणाचा निरोप यायचाय.

काय वाट्टेल ते बोल, पण उत्तर दे.

तुझा,
एलिसेओ


पुन्ता आरेनास,
३० एप्रिल १९९४

एलिसेओ,

आशीर्वाद लिहायला हात उठत नाही, म्हणून लिहिला नाही.

बाबा गेल्याची तुझी तार आली, तेव्हा रामिरोने न विचारता माझं जहाजाचं तिकीट काढलं होतं. मी त्याला ते परत करायला लावलं. जो माणूस चोंचीपर्यंत आला नाही, त्याच्यासाठी मी एवढा समुद्र का ओलांडू, असं म्हणाले. शेजारणींसमोर म्हणाले. आता रामिरोही नाही, त्याला तरी काय सांगू?

पत्रात बाबांनी काय सांगितलं होतं ते कळव. मला बरं वाटावं म्हणून पदरचं काही घालू नकोस.

ओतिलिया


लेमुय,
१५ मे १९९४

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र मी जाळलं, ताई. बरेच दिवस कोटाच्या खिशात होतं, मग चुलीत घातलं. सगळं आठवत नाही. सुरुवातीला बॅटरी बसल्याचं होतं. पुढे, रामिरो दारू पीत नसेल तर त्यालाही घेऊन ये, असं होतं. मला वाटलं झालं, मी कागद उचलला, तर बाबा म्हणाले, थांब, हे लिही: मुलगी आहे एवढंच कळलं, नाव काय ठेवलं ते कळव.

याहून जास्त आठवत नाही. आठवतं म्हणालो तर खोटं होईल. रेडिओ पेटीत घालून बोटीवर चढवला आहे.

एलिसेओ


पुन्ता आरेनास,
२ जून १९९४

चि. एलिसेओ यास आशीर्वाद.

लग्न पार पडलं. दोमिंगाला सगळं सांगितलं. ती तुझ्यावर रागावली नाही. तिने तुला पाहिलंय कुठे? मी रागावले आहे, आणि तो राग इतक्यात जायचा नाही.

बाबांची आई गेली तेव्हा ते आठ वर्षांचे होते. तिचं नाव घरात कुणी काढलं की उठून बाहेर जायचे. म्हणून मी पोरीला तेच नाव, दोमिंगा, ठेवलं होतं. धक्क्यावर पोरगी त्यांच्या हातात देऊन नाव सांगायचं, असं मनात घोकत आले होते.

येत्या उन्हाळ्यात मला बोलावू नकोस. पत्र मात्र पाठवत जा. मी उत्तर दिलं नाही तरी पाठवत जा.

ओतिलिया